आपल्याच श्राद्धाला जेवलेला शास्त्री

"मी आहे, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे की नाही?"

बुधगीरबाबांनी मान वर केली नाही. ते धुनीच्या निखाऱ्यांवर रोट भाजत होते. चिमट्याने त्यांनी रोट उलटला आणि खालची बाजू पाहून तोंड वाकडं केलं.

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय… तुझ्या नादात रोट करपला."

मार्तंडाने डोळे मिटून घेतले. काशीत त्याने भल्याभल्यांना भर सभेत गप्प केलं होतं. तिथला माणूस निदान प्रश्नाला प्रश्न तरी करायचा. इथे तो रोज सकाळी धुनीसमोर येऊन बसत होता, आणि हा म्हातारा गोसावी कधी रोटाकडे बघायचा, कधी मठाच्या गाईकडे, कधी नुसताच खालच्या नदीकडे.

काम तसं लहान होतं. बाबांनी टेकडी उतरून बोरखडी गावात यायचं, चावडीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, हा पुराणिकांचा मार्तंड आहे. बस्स. गावात बाबांचा शब्द कोणी मोडत नसे. एवढं झालं की मार्तंडासाठी त्याच्या घराचं दार उघडणार होतं.

दार बंद का झालं होतं, ती हकिगत अशी.

मार्तंड हा पुराणिकांचा धाकटा. लहानपणापासून बुद्धी तल्लख. लग्न झालं, मिसरूड फुटलं, आणि न्यायशास्त्र शिकायला तो काशीला गेला. तिथेच रमला. वर्षं गेली. घरी निरोप पाठवायचा आज राहिला, उद्या राहिला, असं करत राहूनच गेला.

एकदा गंगेच्या पलीकडे जायचं म्हणून त्याने आपलं बोचकं नावेत टाकलं. पाय टाकणार, तोच घाटावर एका बंगाली पंडिताने त्याला हटकलं. एखादी वस्तू नसणं, हे नसणंसुद्धा खरोखर असतं की नाही, यावर वाद लागला. मार्तंड पायरीवरच बसला. नाव थांबली नाही. भर प्रवाहात ती उलटली, आतली माणसं गेली, आणि मार्तंडाचं बोचकं तेवढं खालच्या घाटाला लागलं.

ते बोचकं ओळखणारे गावाकडचे यात्रेकरू नेमके तिथे होते. रडत रडत त्यांनी ते बोरखडीला आणलं. इकडे मार्तंड वाद जिंकला होता, त्यामुळे बोचक्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

घरच्यांनी वाट पाहिली. पोथीत सांगितली आहे तेवढी पाहिली. मग थोरल्या भावाने पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्यालाच मार्तंड म्हटलं आणि नदीकाठी अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. मार्तंडाच्या बायकोचं कुंकू पुसलं, केस उतरवले, लाल आलवण नेसवून तिला माजघरात बसवलं. तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला श्राद्धाचं पान मांडलं जाऊ लागलं.

आणि एके दिवशी खांद्यावर मानाची शाल टाकून मार्तंड गावात हजर झाला.

भाऊ त्याला मळ्याच्या वाटेवर भेटला. रडला. मिठी मारायला धावला आणि मध्येच थबकला, कारण मागून येणारे गावचे उपाध्ये जोशीबुवा मोठ्याने खाकरले होते.

जोशीबुवा म्हणाले, ज्याला अग्नी दिला तो माणूस संपला. आता परत यायचं तर रीतसर यावं लागेल. रीत अशी, की तूप लावलेल्या मोठ्या भांड्यात गुडघे पोटाशी घेऊन, मुठी वळून बसायचं, बाळ गर्भात असतं तसं. मंत्र झाले की त्याला बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालून नाव ठेवायचं. कान टोचायचे. मुंज करायची. शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मग तिचं आलवण उतरेल आणि हा घरात पाऊल टाकेल. तोवर याला घर नाही, चूल नाही, गावच्या विहिरीचं पाणी नाही.

जोशीबुवा काही दुष्ट माणूस नव्हते. गावही दुष्ट नव्हतं. मोठी कढई कोणाकडे आहे, याची तिथल्या तिथे चौकशी सुरू झाली. कोणी म्हणालं, शास्त्रीबुवांची उंची बघता कढई पुरायची नाही, गुऱ्हाळाची काहीलच आणावी लागेल.

"मी काहिलीत बसणार नाही," मार्तंड म्हणाला होता, आणि ताडताड चालत टेकडीवरच्या मठात आला होता.

तो हट्ट अजून चालूच होता.

बाबांनी रोट मोडला. अर्धा त्याच्यापुढे टाकला.

"आहेस बाबा, आहेस," ते म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतो? तू आल्यापासून माझं डोकं ठणकतंय. जो नाही त्याच्यानं एवढं ठणकत नाही."

"मग हेच गावात येऊन सांगा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गावाला पटत नाही."

"तुला पटलंय ना?"

"अर्थात."

"मग झालं. खा."

मार्तंडाने रोटाला हात लावला नाही. लहान मुलाला समजावावं तसं त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. एखादी गोष्ट आहे, असं म्हणायला प्रमाण लागतं. डोळ्यांना दिसणं हे सगळ्यांत मोठं प्रमाण. तो दिसतो की नाही? बाबा म्हणाले, दिसतोस. त्याचा आवाज ऐकू येतो की नाही? बाबा म्हणाले, फारच येतो.

"मग राहिलं काय?"

"दार."

"दाराचं काय?"

"ते तुझ्यासाठी उघडत नाही म्हणतोस. तू म्हणतोस मी आहे. तेही म्हणतं, मी आहे. तुम्हा दोघांत जास्त आहे ते दारच."

हसावं की उठून जावं, हे मार्तंडाला कळेना. असणं म्हणजे काय गूळ आहे, कमीजास्त करायला? तसं त्याने म्हटलंही. बाबा रोट चघळत राहिले. त्यांचे दात थोडेच उरले होते, त्यामुळे एका घासाला फार वेळ लागायचा आणि तेवढा वेळ त्यांना काही विचारता यायचं नाही. म्हातारा मुद्दाम सावकाश चावतो, अशी मार्तंडाची आता खात्रीच झाली होती.

घास गिळून झाल्यावर बाबांनी भलतंच विचारलं.

"तो घाटावरचा वाद… काय ठरलं त्यात?"

मार्तंडाचा चेहरा जरा उजळला. इतक्या दिवसांत बाबांनी पहिल्यांदाच कामाचं काही विचारलं होतं. त्याने हातवारे करून सांगितलं. जमिनीवर घडा असला की तो आपल्याला दिसतो. घडा नसला की तो नाही, हेही दिसतं. जे दिसतं ते आहे. म्हणून घड्याचं नसणं हेसुद्धा आहे. पंडिताला शेवटी कबूल करावं लागलं.

"म्हणजे नसणंही असतं?"

"असतं."

"आणि हे तू सिद्ध केलंस."

"मीच."

बाबांनी खाली गावाकडे बोट केलं. "मग तुझं नसणं त्या गावानं वर्षानुवर्षं पाहिलंय. त्याला पुतळ्यात घातलं, जाळलं, त्याच्यासाठी पान मांडलं. ते त्या घरात तुझ्या आधीपासून राहतंय. तू काल-परवा आलास. आता घर कुणाचं, ते तूच सांग."

मार्तंडाने खाली गावाकडे पाहिलं.

"ती त्यांची चूक होती," तो अखेर म्हणाला.

"असेल. पण तिला राहायला जागा तूच दिलीस ना?"

एवढ्यात टेकडीच्या वाटेवर काठीचा आवाज झाला, म्हणून ते तिथेच राहिलं. तात्या देशपांडे धापा टाकत वर आले. पुराणिकांचे जुने शेजारी. बाबांच्या पाया पडले. मार्तंड दिसला तसे वळसा घालून, त्याची सावली चुकवून पलीकडे बसले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले.

"फार हुशार मुलगा होता हो, बाबा."

"कोण?"

"आमचा मार्तंड."

"तात्या, मी इथेच आहे," मार्तंड म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुराण सांगायला आलेल्या बुवांची चूक मार्तंडाने भरल्या देवळात कशी काढली होती, ते त्यांनी बाबांना सांगितलं. तेव्हा पोराचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. बुवा घाम पुसत पुसत पोथी गुंडाळून गेले. असं पोर गावात पुन्हा झालं नाही.

"आणि श्लोकही मीच पुरा केला होता," मार्तंड बोलून गेला.

मग त्याने जीभ चावली. क्षणभर आपल्याला बरं वाटलं, हे त्याचं त्यालाच आवडलं नाही.

"बाबा, त्याला एवढं सांगा," तात्या धुनीकडे बघत म्हणाले. "काहील मिळाली. आमच्याच गुऱ्हाळाची आहे, घासून ठेवलीय. घरोघरचं तूपही गोळा झालंय. आता त्यानं हट्ट करू नये. मेल्यावरही माणसाचा स्वभाव जात नाही म्हणजे काय."

"जो मेलाय, त्याला तुमचा निरोप पोचणार कसा?" मार्तंडाने विचारलं.

"म्हणून तर बाबांना सांगतोय," तात्या बाबांना म्हणाले.

बाबा हसले. पोट धरून, खोकला लागेपर्यंत हसले. मार्तंडाने इतक्या दिवसांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि आज पाहिलं ते हे असं.

तात्या पुन्हा वळसा घालून निघून गेले.

"बघितलंत?" मार्तंड म्हणाला. "ही असली माणसं. यांच्यात मी राहायचं कसं?"

"नको राहू. काशीला जा परत. तिथं तू आहेस ना?"

याचं उत्तर मार्तंडाला ठाऊक होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. काशीत शाल सगळ्यांच्याच खांद्यावर होती. ती ज्यांना दाखवायची, ती माणसं या गावात होती. तो नुसता म्हणाला, "घर माझं आहे."

"कशावरून?"

"मी मार्तंड आहे म्हणून."

"हे मला कुणी सांगितलं? मी या मठात आलो तेव्हा तू काशीला गेला होतास. मी तुला आधी पाहिलेलंच नाही. तू मार्तंड आहेस, हे सांगितलं कुणी?"

"मीच."

"आणि तू आहेस, हे?"

"तेही मीच."

"सगळं तूच सांगतोस." बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "दुसरं कुणी नाही का रे तुला?"

मार्तंड वैतागला. रागाने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण याच प्रश्नाला धरून सांगण्यासारखा एक युक्तिवाद त्याने आदल्या रात्रीपासून राखून ठेवला होता. तो आता त्याने बाहेर काढला.

"बाकी सगळं सोडा, बाबा. नवरा नसेल तर बायको असेल का?"

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

"बोल."

"नसेल. बापावाचून मुलगा नाही, तशी नवऱ्यावाचून बायको नाही. आता जोशीबुवा काय म्हणाले? लग्न त्याच बायकोशी लावा. म्हणजे माझी बायको आहे, हे त्यांनी मानलं. बायको आहे, म्हणजे नवरा आहे. नवरा मी. त्यांच्याच तोंडाने मी सिद्ध झालो."

तो मागे रेलला. एवढ्यावर काशीच्या सभेने माना डोलावल्या असत्या.

"ती आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे म्हणजे? घरात आहे."

"पाहिलीस?"

"दार बंद आहे. पाहणार कशी?"

"तिची चौकशी केलीस कुणाकडं? भावाकडं? आत्ता तात्यांकडं?"

मुद्दा कसा सरळ चालला होता आणि म्हाताऱ्याने मध्येच त्याला फाटा फोडला होता. मार्तंडाने आवाज चढू दिला नाही, पण ते त्याला जड गेलं.

"तिच्या असण्याबद्दल वादच नाही, बाबा. वाद माझ्याबद्दल आहे."

"हं…"

गाय रवंथ करत होती. नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज उशिराने वर पोचत होता.

"शास्त्री, खरं सांग. काहिलीत बसायची लाज वाटते?"

"वाटते," मार्तंड म्हणाला. "चांगला मिशांचा माणूस मी. मुठी वळून तुपात बसू? पाळण्यात घालून घेऊ? लोक हसतील."

"हसतील. मीसुद्धा येईन हसायला."

"आणि लाजेचं सोडा. बसलो, तर आजवर मी नव्हतो असं कबूल केल्यासारखं होईल. जो गेलाच नाही तो पुन्हा जन्मेल कसा?"

"पहिल्यांदा जन्मलास, तेव्हा तुला पटवून दिलं होतं कुणी?"

"ते मला आठवत नाही."

"बरं झालं. नाहीतर तिथंही आईशी वाद घातला असतास, आणि ती बिचारी अजून बाळंतिणीच्या खोलीत असती."

मार्तंड उठला. मठाच्या दारापर्यंत गेला, परत आला, बसला. जायला जागा नव्हती, हाच तर सगळा घोळ होता. त्याने बाबांना सांगून टाकलं, की तुम्ही गावात येऊन बोलेपर्यंत मी इथून हलणार नाही. बाबांनी कपाळावर हात मारला आणि धुनीपुढून उठून ते गाईशी जाऊन बसले. निदान ही गप्प बसते, असं ते गाईला म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पायवाटेने एक बाई वर येताना दिसली. लाल आलवण, पदर कपाळाच्या खाली ओढलेला, डोक्यावर टोपली. ती मठाच्या उंबऱ्याबाहेर थांबली. टोपली उतरवून तिने एक पितळी डबा आणि केळीचं पान उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"बाबा, पुराणिकांकडचं पान," ती हळू म्हणाली. "आज तिथी होती."

"कुणाची?"

तिने पदर आणखी खाली ओढला.

मार्तंडाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या कपाळाची शीर उडू लागली. भावाने त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्यापुढे उभा राहून रडला होता. आणि आज त्याच भावाने आंघोळ करून, दर्भ घेऊन, धाकट्याचं श्राद्ध घातलं होतं. विधी झाला नाही तोवर तिथी चुकवायची कशी, असं जोशीबुवा म्हणाले असणार, आणि दादाने मान हलवली असणार.

बाबांनी डबा उघडला. पान मार्तंडापुढे मांडलं. भात, वरण, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी, वडे, खीर.

"जेव."

"हे?"

"तुझंच आहे. तुझ्या नावानं आलंय, मी कशाला खाऊ?"

मार्तंड म्हणणार होता, मी याला शिवणारही नाही. पण आल्यापासून त्याच्या पोटात करपलेल्या रोटाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि खिरीचा वास थेट नाकात येत होता. त्या वासाबरोबरच त्याला एकदम एक गोष्ट सुचली. त्याने आपोशन घेतलं आणि भातावर वरण ओतलं.

"बघा," तो म्हणाला. घास घेतला. "जो नाही, त्याला भूक लागत नाही." दुसरा घास घेतला. "जो नाही, तो जेवत नाही." वडा खिरीत बुडवला, खाल्ला. "मी जेवतोय. आता बोला."

बाबांनी त्याला पोटभर जेवू दिलं.

"श्राद्धाचं पान, जो नाही त्याच्यासाठीच मांडतात, शास्त्री," मग ते म्हणाले. "दरवर्षी मांडतात, आणि तो कधी येत नाही. यंदा आला. जेवला."

मार्तंडाचा शेवटचा घास तोंडातच राहिला.

पण तो हरणाऱ्यातला नव्हता. त्याने घास गिळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि उंबऱ्याबाहेर रिकाम्या डब्याची वाट बघत उभी असलेली बाई त्याला दिसली. साक्षीदार. घरातलाच साक्षीदार.

"बाई, तुम्ही पाहिलंत ना मला जेवताना?"

बाईने मान खाली घातली.

"मग घरी जाऊन तसं सांगा. दादाला सांगा, जोशीबुवांना सांगा. ज्याच्या नावाचं पान होतं, त्यानेच ते खाल्लं. चांगलं चवीने खाल्लं. सांगाल ना?"

मार्तंडाला तिचाही राग आला. या गावाला झालंय तरी काय, सरळ विचारलं तर सरळ तोंड उघडत नाहीत.

"बाबा, ही कोण? दादाने स्वयंपाकाला ठेवलीय का कोणी? हिला ऐकू तरी येतं ना?"

धुनीतलं लाकूड कलंडलं. बाबांनी ते नीट केलं नाही. सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर जो वैताग होता, तो कुठल्या कुठे गेला होता, आणि तो गेलेला पाहून मार्तंडाला का कोण जाणे बरं वाटलं नाही.

"द्वारका," बाबा म्हणाले. "उन्हात उभी राहू नको, पोरी. सावलीला ये."

मार्तंडाचा हात पानावरच थांबला.

काशीला निघताना त्याने पाहिलेली द्वारका नुकती परकर सोडून लुगडं नेसू लागली होती. तिला नीट चालता यायचं नाही त्यात. वेणी कमरेपर्यंत होती. काशीत कधीमधी आठवण झाली तर हीच मुलगी आठवायची. तितक्याच उंचीची, तितक्याच वयाची. इतकी वर्षं त्याची एकट्याचीच गेली, असं तो धरून चालला होता.

ती सावलीत आली नाही. मार्तंडाकडेही तिने पाहिलं नाही. बोलली ती बाबांशी.

"बाबा, हे आले त्या दिवशी घरची सगळी मळ्यात गेली होती. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. हे अंगणात आले. मी तोंड बघायच्या आधीच ओळखलं… चालण्यावरून."

ती थांबली. बाबांनी तिला घाई केली नाही.

"माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. मी उठून उभी राहिले. यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि विचारलं, घरात कोणी आहे का?"

नदीवरचा कपडे आपटण्याचा आवाज थांबला होता.

"मग?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"मी म्हटलं, कोणी नाही."

मार्तंडाला आठवलं. ओसरीवर लाल आलवणातली कोणीतरी सोवळी बाई होती खरी. आत्या असेल नाहीतर पाहुणी असेल, असं त्याला वाटलं होतं. बरं, असं काहीतरी म्हणून तो मळ्याच्या वाटेला लागला होता. शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरत.

द्वारकेने वाकून डबा घेतला. टोपलीत ठेवला. मार्तंडापुढच्या उष्ट्या पानाकडे तिने एकदा पाहिलं. ते उचलायचं काम तिचं होतं की नव्हतं, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं. तिने ते तसंच राहू दिलं. बाबांना लांबूनच नमस्कार केला, टोपली डोक्यावर घेतली आणि ती पायवाट उतरू लागली.

मार्तंड खरकट्या हातानेच उठला. उंबऱ्यापर्यंत गेला. तिला थांबवायला त्याने तोंड उघडलं. न्याय, मीमांसा, व्याकरण, सगळं त्याला पाठ होतं. बोलण्यासारखा एक शब्दही आला नाही.

लाल आलवण खाली खाली जात होतं.

तो वळला.

"बाबा… मी आता काय करू?"

बाबांनी चिमटा राखेत खोचला.

"तिला विचार," ते म्हणाले. "ती असली, तर सांगेल."